काटा बदलला? आधी जुनंच पोतं चढवा

माझे मोठे काका सोयाबीन विकायला उमरखेडच्या बाजार समितीत न्यायचे, तेव्हा घरीच एक पोतं मोजून त्यावर कोळशाने आकडा लिहून ठेवत. अडतीवर गाडी लागली की बाकीचा माल उतरायच्या आधी ते एकच पोतं काट्यावर चढवायला लावत. आकडा जुळला की "चालू द्या". नाही जुळला तर मापाड्याशी भांडत नसत, शांतपणे विचारत, "काटा बदलला का जी?" कधी काटा खरंच बदललेला असे, कधी धडा नीट केलेला नसे. पण रस्त्यात सोयाबीनचं वजन वाढलं, असं काकांना कधी वाटलं नाही.

मला वाटलं. संगणकाची पदवी घेऊन, बारा वर्षं कोड लिहून.

उमरखेड, पुसद, महागाव, नदीपलीकडचं हदगाव, या पट्ट्यातली बरीच पोरं-पोरी आता सॉफ्टवेअरच्या कामात आहेत. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला, आणि करोनापासून काही जण घरच्याच माडीवर कूलरसमोर बसून. हे आवाहन त्यांना आहे. त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं. पोरगं दिवसभर काय मोजत बसतं हे कळलं तर चहा तरी वेळेवर मिळेल.

प्रोग्रॅम किती वेगाने चालतो हे मोजणं म्हणजे बेंचमार्क. कोडचा एक तुकडा हजारो वेळा चालवायचा, दर वेळी किती वेळ लागला ते टिपायचं, आणि त्या ढिगातून एक विश्वासाचा आकडा काढायचा. शितावरून भाताची परीक्षा, पण शितं हजार. ऐकायला सोपं आहे, नीट करायला फार अवघड. म्हणून त्यासाठी तयार लायब्ररी वापरतात. रस्टवाले क्रायटेरियन वापरतात, जावावाले जेएमएच, पायथॉनवाले पायटेस्ट-बेंचमार्क, डॉटनेटवाले बेंचमार्कडॉटनेट. ही लायब्ररी दुसऱ्यांनी लिहिलेली असते आणि आपला प्रकल्प तिच्यावर टेकलेला असतो, म्हणून ती आपली डिपेंडन्सी. तिच्या नव्या आवृत्त्या येत राहतात, आणि कधीतरी आपल्याला तिचं अपडेट घ्यावंच लागतं.

माझ्याकडे मोठमोठ्या फायली वाचून त्यातल्या नोंदी वेगळ्या करणारा एक भाग होता. एका शुक्रवारी डिपेंडाबॉटच्या पाच-सहा विनंत्या साचल्या होत्या. डिपेंडाबॉट हा गिटहबवरचा, म्हणजे आपण कोड ठेवतो त्या संकेतस्थळावरचा, मुनीमच समजा; अमक्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली, घेता का, असं तो स्वतःहून विचारतो. त्यात एक विनंती बेंचमार्क लायब्ररीची होती. ही लायब्ररी ग्राहकाकडे जातच नाही, घरातल्या मोजमापापुरती असते; मग तिचं कोण एवढं कौतुक करतं? मी ती, कम्पायलरची नवी आवृत्ती आणि माझा स्वतःचा एक बदल असं तिन्ही एकाच कमिटात, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत, ढकललं. सोमवारी पाहतो तर आकडे भराभर उतरलेले. मी टीमला मोठ्या तोऱ्यात कळवलं. तीन आठवड्यांनी ग्राहकाने साधं विचारलं, आमच्याकडे तर पूर्वीइतकाच वेळ लागतो, वेग वाढला तो कुठे?

दोन दिवस खणलं. माझ्या बदलाने काडीचाही फरक पडला नव्हता. हलका झाला होता तो काटा.

हे कसं होतं, ते जावाच्या जेएमएचवरून चांगलं कळतं. कम्पायलर, म्हणजे आपला कोड यंत्राला कळेल असा करून देणारा प्रोग्रॅम, हा फार हुशार आणि तितकाच कामचुकार गडी आहे. एखाद्या हिशेबाचं उत्तर पुढे कुणी वापरतच नाही असं त्याला दिसलं, की तो हिशेबच गाळून टाकतो. हमालाला पोती उचलून मोजायला सांगितलं आणि आकडा कुणी विचारणार नाही हे त्याला कळलं, तर तो एकही पोतं उचलणार नाही, तसंच हे. मग मोजलेला वेळ शून्याच्या जवळ येतो आणि आपण खूश होतो. ही पळवाट बंद करायला जेएमएचमध्ये ब्लॅकहोल नावाची सोय आहे. उत्तर तिच्यात टाकलं की ते वापरलं जाणार आहे असं कम्पायलर धरून चालतो आणि काम खरोखर करतो. पण या ब्लॅकहोललाही स्वतःचा थोडा वेळ लागायचा, दर फेरीला काही नॅनोसेकंद. म्हणजे पोत्याच्या वजनात टोपल्याचंही वजन धरलं जात होतं.

पुढे जावाच्या जेडीके 17 मध्ये हे काम कम्पायलरनेच करायची सोय आली, आणि जेएमएचने 1.34 या आवृत्तीपासून ती आपोआप वापरायला सुरुवात केली. टोपलं जवळजवळ बिनवजनाचं झालं. मोठ्या कामांच्या आकड्यांत फरक दिसला नाही, पण जी कामं मुळातच दोन-चार नॅनोसेकंदांची होती त्यांचे आकडे एका रात्रीत उतरले. कोड तोच होता. नवा आकडा जास्त खरा होता, हे मात्र कबूल करायला हवं. नवी आवृत्ती वाईट असते असं माझं म्हणणं नाही. बहुतेक वेळा ती जुन्यापेक्षा चांगलीच असते. आपली खोड अशी की काटा सुधारल्याचं श्रेय आपण पोत्याला देतो.

याच जेएमएचने 2018 मध्ये 1.21 या आवृत्तीत आणखी एक बदल केला होता. काही न सांगता चाचणी चालवली तर पूर्वी ती दहा वेगवेगळ्या प्रक्रियांत, प्रत्येकीत एकेक सेकंदाच्या वीस सराव-फेऱ्या आणि वीस मोजणीच्या फेऱ्या, अशी व्हायची. नव्या आवृत्तीत प्रक्रिया पाच, आणि दहा-दहा सेकंदांच्या पाच सराव आणि पाच मोजणीच्या फेऱ्या. हिशेब करा: एका चाचणीला 400 सेकंद लागत होते, ते 500 झाले. ज्याच्याकडे अशा दोनशे चाचण्या आहेत त्याचं रात्रीचं काम साडेपाच तासांनी लांबलं. चेंजलॉग न वाचणाऱ्याला सकाळी सर्व्हर अडकला आहे असंच वाटणार. चेंजलॉग म्हणजे नव्या आवृत्तीत काय काय बदललं त्याची यादी. तो वाचायला दहा मिनिटं लागतात. लग्नपत्रिकेवरची प्रेषकांची नावं आपण सगळी वाचतो, मग हे का नाही?

कुणी म्हणेल, मग अपडेटच नको. आहे ते चाललंय ना. हेही नडतं. रस्टच्या क्रायटेरियनचं उदाहरण घ्या. त्याची 0.3 ही आवृत्ती आकडे साठवायला सर्डे-सीबॉर नावाची दुसरी लायब्ररी वापरत होती. त्या लायब्ररीची देखभाल थांबल्याची नोंद 2021 मध्ये रस्टच्या सुरक्षा-यादीत आली. मग 0.4 मध्ये ती काढून दुसरी घेतली. पुढे अ‍ॅटी नावाच्या आणखी एका छोट्या लायब्ररीची तीच गत झाली आणि ती 0.5 मध्ये गेली. मोजमापात काही बिघाड नव्हता, तरी जुनी आवृत्ती धरून बसलेल्यांच्या दारात रोज सुरक्षेची सूचना येऊन पडायला लागली. आपण एका लायब्ररीवर टेकतो, ती दुसऱ्या चारांवर टेकलेली असते, व्याह्याचे व्याही. आणि जितका उशीर कराल तितक्या पायऱ्या एकदम चढाव्या लागतात. 0.3 वरून थेट 0.6 वर उडी मारलीत तर आकडा कुठल्या पायरीवर हलला ते सापडायचं नाही. वाटेत ब्लॅक बॉक्ससुद्धा, म्हणजे जावाच्या ब्लॅकहोलसारखी रस्टमधली सोय, बदललाय: रस्टने 1.66 मध्ये, डिसेंबर 2022 ला, ती सोय भाषेतच दिली आणि क्रायटेरियन 0.6 पासून स्वतःची जुनी युक्ती सोडून सरळ तीच वापरतो. पुन्हा टोपलं बदललं.

एक खूण लक्षात ठेवा. आवृत्तीचा पहिला आकडा शून्य असेल, तर त्यानंतरचा आकडा बदलणं म्हणजे मोठाच बदल. 0.4 ते 0.5 हा किरकोळ बदल नाही. उलट अगदी शेवटचा आकडा बदलला तरी बेंचमार्कचे निकाल हलू शकतात, कारण आवृत्तीचे आकडे वचन देतात ते तुमचा कोड मोडणार नाही याचं. तुमचं मोजमाप तेच राहील असं वचन कुणी दिलेलं नसतं.

काटा न बदलल्याने काय मिळतं ते पाहायला आता जरा पुण्याकडे येऊ. तिथल्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटांच्या संस्थेचा 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर 2007 च्या टॉप 500 यादीत जगात चौथा आला होता. वेग होता 117.9 टेराफ्लॉप्स. पुढच्या जूनमध्ये त्याचाच आकडा 132.8 झाला, पण क्रमांक आठवा लागला, कारण बाकीचे जास्त पळाले. त्याआधी 2003 मध्ये सी-डॅकचा परम पद्म त्या यादीत 171 वा होता, आणि 2023 मध्ये पुण्याच्याच सी-डॅकमधला ऐरावत 75 वा आला, साडेआठ पेटाफ्लॉप्सच्या आसपास. ऐरावत 'एका'च्या 2007 च्या आकड्यापेक्षा सत्तरपटींहून जास्त वेगवान आहे असं आपण सोळा वर्षांच्या अंतरावरून बिनधास्त म्हणू शकतो. ते का? तर 1993 मध्ये ही यादी सुरू झाल्यापासून काटा एकच आहे, लिनपॅक.

लिनपॅकवर टीका कमी झालेली नाही. खऱ्या कामात संगणक असं वागत नाहीत, हा काटा मोठ्या यंत्रांना उगाच फुगवतो, असं कित्येक जण सांगत आले. हा काटा घडवणारे जॅक डोंगारा यांनाही ते पटलं होतं. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एचपीसीजी नावाचं नवं माप तयार केलं आणि 2014 मध्ये त्याचे निकाल यायला लागले. पण जुना काटा फेकून त्याच यादीत नव्या मापाचे आकडे भरले नाहीत. नव्या मापाची यादी वेगळी काढली. म्हणून आज दोन्ही आकडे मिळतात आणि 2007 चा आकडाही वाया गेलेला नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या यंत्रांच्या बाबतीत जी काळजी घेतात, ती आपल्या चारशे ओळींच्या प्रकल्पाला जड जाऊ नये.

आपल्या भागाला तर हे शिकवायचीही गरज नाही. निजामाचं राज्य होतं तेव्हा पैनगंगेच्या अलीकडे कलदार रुपया चाले आणि पलीकडे हाली. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. दोन्हीही रुपयेच. नदी ओलांडून व्यवहार करणारा माणूस वहीत नुसतं 'शंभर रुपये' लिहून गप्प बसत असेल तर त्याचं दुकान फार दिवस चाललं नसणार. बेंचमार्कच्या वहीतही प्रत्येक आकड्यापुढे नाणं लिहा: लायब्ररीची कुठली आवृत्ती, कम्पायलर कुठला, यंत्र कुठलं, तारीख काय. आमच्या टीममध्ये आता कुणी "दहा टक्के सुधारणा" म्हणाला की मी एकच विचारतो, हाली का कलदार? हैदराबादचे सहकारी सुरुवातीला गोंधळले, आता तेही विचारतात.

तर अपडेट करायचं कसं? काकांनी पोतं जसं चढवलं तसं. ज्या दिवशी काटा बदलायचा त्या दिवशी दुसरं काही बदलू नका. कम्पायलर नको, स्वतःचा कोड नको, नवा लॅपटॉप तर नकोच. आधी जुन्या लायब्ररीने आजचा कोड मोजा. दोन-तीनदा मोजा, म्हणजे नुसता चढउतार किती हे कळेल. तेच यंत्र, तोच कोड, तरी आकडा जरा डुलतोच. मग फक्त लायब्ररी बदला, तोच कोड पुन्हा मोजा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून कमिटच्या संदेशातच टाका. तिथे लिहिलेलं हरवत नाही. वहीचं पान फाटतं. फरक नेहमीच्या डुलण्याच्या आत असेल तर पुढे चला. बाहेर असेल तर चेंजलॉग उघडा, कारण बहुधा तिथेच सापडेल. नाही सापडलं तर रिकामं काम मोजून पाहा, म्हणजे काहीच न करणारी चाचणी. हाच आपला धडा. दोन्ही पारड्यांत काही नसताना काटा कुठे उभा राहतो हे आधी पाहायचं असतं, हे कुठल्याही किराणा दुकानदाराला विचारा.

एक ठिकाण फसवं आहे. यातल्या बऱ्याच लायब्रऱ्या मागच्या धावेचे आकडे जपून ठेवतात, क्रायटेरियन तर नव्या धावेशी ते आपोआप ताडून "सुधारणा झाली" असं हिरव्या अक्षरात सांगतो. जपलेले आकडे जुन्या लायब्ररीचे असतील तर ती सुधारणा म्हणजे हालीतून कलदार वजा केल्यासारखी. अपडेटनंतर जुनी बेसलाइन, म्हणजे हे जपलेले आकडे, बाजूला ठेवा आणि नव्या काट्याने नवी काढा. पुसू नका, कधीतरी लागते.

लॉक फाइल कमिट करा, हे सांगायला संकोच वाटतो, पण दर वर्षी कुणीतरी नवा मुलगा ती वगळतो. प्रत्येक लायब्ररीची नेमकी कुठली आवृत्ती घेतली याची नोंद तिच्यात असते. लॉक फाइल नसेल तर तुमच्या आणि मित्राच्या यंत्रावर एकाच नावाचे दोन काटे बसलेले असतात, आणि दोघांना वाटतं आपण एकाच काट्यावर तोलतोय.

आणि ही लायब्ररी ग्राहकाकडे जात नाही म्हणून ती निरुपद्रवी, असं समजू नका. ती तुमच्या लॅपटॉपवर चालते, जिथे तुमच्या किल्ल्या आणि पासवर्ड असतात. सप्टेंबर 2025 मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या लायब्ररी-कोठारातल्या चॉक आणि डीबगसारख्या रोजच्या वापरातल्या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांत चोरट्यांनी कोड घुसवला. सांभाळणाऱ्याला खोटी ईमेल पाठवून त्याचं खातं घेतलं होतं. म्हणून नवी आवृत्ती आली त्याच तासाला घेऊ नका. सुरक्षेची निकड नसेल तर आठवडाभर थांबा. घाईने काही मिळत नाही.

मोजमापाची सवय किती उपयोगी पडते याचं एक उदाहरण मला फार आवडतं. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते बारीक बेंचमार्क घेत होते, आणि त्यासाठी यंत्र शक्य तितकं शांत करत होते. तेव्हा दिसलं की दुरून लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण म्हणालो असतो, नेटवर्क असेल. ते खणत गेले आणि एक्सझेड या लायब्ररीच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं 29 मार्चला जाहीर झालं. जगभरातल्या सर्व्हरवर पोहोचायच्या आधी तो सापडला. नेहमी किती वेळ लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो अर्धा सेकंद खटकला. ज्याने काटा कधी तपासलाच नाही त्याला तो दिसला नसता.

आता खास उमरखेडकरांसाठी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 ला टेकतो. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी दोनला लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि तुमचा उत्तम कोड आळशी दिसायला लागतो. जुन्या लायब्ररीने सकाळी मोजलं आणि नव्या लायब्ररीने दुपारी, तर तुम्ही लायब्ररी मोजलेली नाही, ऊन मोजलंय. लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला तरी तेच. चार्जर लावून ठेवा, ब्राउझरच्या चाळीस खिडक्या बंद करा, जुनं आणि नवं पाठोपाठ, एकाच बैठकीत मोजा. गिटहबच्या फुकट यंत्रावर मोजत असाल तर ते यंत्र सामायिक असतं. शेजारी कोण काय दळतंय हे तुम्हाला कळत नाही. तिथल्या पाच टक्क्यांच्या फरकावर कुणाचं कौतुक करू नका आणि कुणाला बोलही लावू नका.

दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची 2011 च्या नियमांप्रमाणे दर 12 महिन्यांनी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. आपल्या काट्याला शिक्का मारायला कुणी निरीक्षक येत नाही. दिवाळीत वही पूजेला काढता, तेव्हा प्रकल्पातल्या बेंचमार्क लायब्ररीची आवृत्तीही एकदा पाहत जा. तेवढा मुहूर्त पुरे.

डिपेंडाबॉटची ती विनंती तुमच्याकडेही पडून असेल. उद्या घ्या, एकटीच घ्या, जुना कोड दोन्ही काट्यांवर चढवून मगच घ्या. आणि पहाटे पाचला बसा, तोवर पत्रे थंड असतात.